गाडीत आईला बसवू का?

आमच्या वर्कशॉपमध्ये आलेलं गिऱ्हाईक सगळ्यांत आधी माझ्या टेबलाशी येतं. मी मेकॅनिक नाही. माझ्या हुद्द्याला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात, पण मी स्वतःला दुभाषी समजते. मालक म्हणतो, "वळवताना कुईं करते हो." गाडीखाली झोपलेला मिस्त्री म्हणतो, "बुश गेलेत." या दोघांच्या मध्ये मी. खर्चाचा अंदाज मीच सांगायचा, आणि तो ऐकून माणसाचा चेहरा उतरतो तोही मीच बघायचा. मिस्त्रीला द्यायच्या शिव्यासुद्धा लोक मलाच देतात, फक्त "मॅडम" लावून.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतलं हे वर्कशॉप जुन्या महागड्या गाड्यांसाठी ओळखलं जातं. नवी असताना जिच्या किमतीत एक फ्लॅट आला असता, ती गाडी सात-आठ वर्षांनी साध्या नव्या गाडीच्या भावात मिळते. माणूस हरखतो. रंग तोच, चामड्याच्या सीटा त्याच, दार लावलं की होणारा तो जड, श्रीमंत आवाजही तोच. त्याला एकच गोष्ट कुणी सांगितलेली नसते: गाडी जुनी झाली तरी तिचे पार्ट जुने होत नाहीत. ते नव्या गाडीच्याच भावात येतात. हे सांगायचं काम शेवटी माझ्याकडे येतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

गंगापूर रोडचे एक दातांचे डॉक्टर आमच्याकडे यायचे. त्यांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा सारखा लागायचा. एकदा आले तर दिवा दिसेना. नीट पाहिलं, तर त्यावर टिकली चिकटवलेली. "मिसेसनी लावली," म्हणाले. "आता त्रास होत नाही." गाडीला खरं तर काहीच झालेलं नव्हतं. डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी नुसती घर ते दवाखाना चालवली, तर तो चोंदतो. मोकळ्या रस्त्यावर पळवली, तर गरम होऊन आपला आपण साफ होतो. मी त्यांना दर रविवारी इगतपुरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. दिवा गेला. त्यांच्या मिसेस मला नंतर म्हणाल्या, लग्नानंतर आम्ही इतकं कधी फिरलोच नव्हतो.

असे दिवस आले की बरं वाटतं. पण मी मुळात काळजी करणारी बाई. दुरुस्त होऊन गेलेली गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. घाटात असेल का, ब्रेक नीट लागत असतील का, मुलं मागे बसली असतील का. आमचे हे म्हणतात, "गाड्या वर्कशॉपमध्ये ठेवून येत जा, घरी आणू नकोस." त्यांचं चुकत नाही. पण एका गाडीनं मला जे दिवस दाखवले, त्यानंतर मला ते कधी जमलंच नाही.

ती गाडी विंचूरच्या दत्तूभाऊंची. दत्तूभाऊ म्हणजे पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. स्वतःचे दोन ट्रक, कांद्याची वाहतूक. ट्रकच्या बाबतीत त्यांना कुणी काही शिकवू नये, असा माणूस. ते प्रथम आले तेव्हा गाडी क्रेनवर होती आणि ते मागून रिक्षानं आले होते, आईला घेऊन. आई बारीक चणीच्या, सत्तरीपुढच्या, डाव्या हाताला पट्टी बांधलेली. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात डायलिसिस असायचं. सकाळी विंचूरहून निघायचं, निफाड, चांदोरी करत नाशिकला यायचं, चार तास मशीनवर पडायचं आणि दुपारी परत.

"मॅडम, गाडी लय भारी हाय," दत्तूभाऊ म्हणाले. "पण चालता चालता गप होती. ना आवाज, ना धूर. नांदूर नाक्याच्या पुढं आलो आन गप. मागं ट्रक व्हता. त्यानं कट मारला म्हणून वाचलो."

मी त्यांना विचारलं, एवढी मोठी गाडी आईसाठी घेतलीत का. ते म्हणाले, "थांबा, तुम्हाला दाखवतो." गाडी तोवर क्रेनवरून उतरवली होती, आणि चालू करून पाहिली तर निमूट चालू झाली. त्यांनी एक बटण दाबलं. गाडी हळूहळू, सुस्कारा टाकत चारी चाकांवर खाली बसली. अशा गाड्यांना पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. हवा सोडली की गाडी खाली येते, भरली की वर जाते.

"आईचा पाय वर उचलत नाय," ते म्हणाले. "दुसऱ्या गाडीत मी उचलून ठेवायचो. तिला लाज वाटायची, चारचौघात पोरानं उचललेलं. हिच्यात ती स्वतःची स्वतः बसती. आन येताना झोपती, पार घरापर्यंत. दुसऱ्या गाडीत वकाऱ्या काढायची."

त्या पिशव्या फाटल्या की काय खर्च येतो, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी ते बोलले नाही.

आमचे मुख्य मिस्त्री रफिकभाई. बोलणं कमी, हात काळे, कपडे मात्र दिवसअखेरही स्वच्छ. त्यांनी गाडीला स्कॅनर लावला. हे यंत्र गाडीच्या संगणकाला विचारतं, बाबा, तुला काय होतंय. संगणक एखादा क्रमांक सांगतो, त्यावरून बिघाड कळतो. या गाडीनं एकदा डिझेल पंपाचा क्रमांक सांगितला, एकदा बॅटरीचा, आणि तिसऱ्या वेळी काहीच नाही. रफिकभाईंनी डिझेलचा फिल्टर बदलला, एक सेन्सर बदलला, दोन दिवस शहरात फिरवली. गाडी लोण्यासारखी चालली. आम्ही ती देऊन टाकली.

जो बिघाड कायम असतो, त्याची मला भीती वाटत नाही. तुटलेली वस्तू दिसते, बदलता येते. भीती वाटते ती येऊन जाऊन राहणाऱ्या बिघाडाची. गाडी रस्त्यात दगा देते आणि वर्कशॉपमध्ये आली की शहाण्यासारखी वागते. मालकाला वाटतं, हे लोक फसवतात. आम्हाला वाटतं, मालकच काहीतरी चुकीचं करतो. आणि दोघंही खरं बोलत असतात.

काही दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी चांदोरीजवळ, परतीच्या वाटेवर. डायलिसिस झालेलं माणूस पिळून काढल्यासारखं होतं. त्या अवस्थेत आई रस्त्याकडेच्या एका टपरीच्या बाकड्यावर बसून राहिल्या, पुतण्या दुसरी गाडी घेऊन येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊ एकटेच आले. ओरडायच्या तयारीनं आले असावेत, पण ओरडले नाहीत. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, मला बाकीचं काय सांगू नका. एकच सांगा. गाडीत आईला बसवू का?"

इतक्या वर्षांत मला लोकांनी हजार प्रश्न विचारले. कधी मिळेल, किती होतील, वॉरंटी आहे का. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "दोन दिवस द्या."

गाडी पुन्हा आत घेतली. स्कॅनर स्वच्छ. आमचे शेठ दुपारी माझ्या टेबलाशी आले. शेठ वाईट माणूस नाही. पण त्यांच्या दारात गाड्यांची रांग होती आणि ही एकटी गाड्या उचलायची लिफ्ट अडवून बसली होती. "स्कॅनर क्लीन आहे ना? मग देऊन टाका," ते म्हणाले. "नसलेला फॉल्ट आपण कुठून काढणार?"

"शेठ, तिच्यात पेशंट बसतो."

"म्हणून काय जन्मभर ठेवायची?"

त्यांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, शहरात नको, ज्या रस्त्यावर ती बंद पडते त्याच रस्त्यावर एकदा नेऊन आणू. रफिकभाई चालवतील, मी बाजूला बसते. शेठ म्हणाले, "जा."

श्रावणातला दिवस होता. ऊन, मध्येच सर, पुन्हा ऊन. नांदूर नाका गेला, माडसांगवी गेली, शिलापूर गेलं. गाडी इतकी छान चालत होती की मलाच दत्तूभाऊंची शंका यायला लागली. तेवढ्यात पुढच्या ट्रॅक्टरनं सिग्नल न देता उजवीकडे घेतलं. रफिकभाईंनी जोरात ब्रेक मारला, आणि पुढच्या क्षणी आतले सगळे आवाज थांबले. एसीचा, इंजिनाचा, सगळे. फक्त बाहेरचं ऐकू यायला लागलं. मागे हॉर्न वाजत होता, लांबलचक, न थांबणारा.

अशी गाडी दोन टनांच्या वर भरते. इंजिन चालू असतं तोवर स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. इंजिन बंद झालं की ते दगड होतं. ब्रेकही एक-दोनदा दाबेपर्यंतच साथ देतो, मग पायाखालचं पेडल घट्ट होतं. रफिकभाई दोन्ही हातांनी, जवळपास सीटवरून उठून, स्टिअरिंग डावीकडे ओढत होते. मागून हॉर्न वाजवत आलेला कंटेनर आमच्या उजव्या बाजूनं गेला. त्याच्या चाकांचे नट मला वेगवेगळे दिसले. गाडी कडेच्या चिखलात जाऊन थांबली.

मी मागे वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. ती रिकामी आहे हे मला माहीत होतं, तरी मी पाहिलं.

थोड्या वेळानं रफिकभाईंनी स्टार्टचं बटण दाबलं. गाडी चालू झाली, काही घडलंच नव्हतं अशी. "या अल्ला," ते म्हणाले, आणि पुढे वर्कशॉपपर्यंत चाळीसच्या वर गेले नाहीत.

आल्या आल्या मी दत्तूभाऊंना फोन लावला. "नका बसवू आईंना," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं." आणि थोडं थांबून, "मग नेऊ कशात?"

त्यांनी पुतण्याची छोटी गाडी घेतली. आईंना ती लागायची. उलटीसाठी पिशवी हातात धरून त्या यायच्या. मला हे कळत होतं, आणि गाडी आमच्या शेडमध्ये चारी बाजूंनी उघडून पडली होती. रफिकभाई रोज तिच्यात काहीतरी शोधायचे. इंजिनाच्या वायरी त्यांनी हातानं चाचपून पाहिल्या, पंप उतरवून पाहिला. माझ्याकडे बघून नुसती नाही म्हणून मान हलवायचे. घरी भाजी चिरताना मला तो हॉर्न ऐकू यायचा.

दवाखाना माझ्या घरापासून जवळ. एका डायलिसिसच्या दिवशी कामावर जाताना मी तिथे थांबले. दत्तूभाऊंना तोंडावर सांगायचं होतं की अजून काही सापडलेलं नाही. फोनवर ते सांगायचा धीर मला होत नव्हता. ते खाली औषधं आणायला गेले होते. आई पलंगावर होत्या, बाजूला मशीन फिरत होतं. मी त्यांच्याजवळ बसले.

"कशी हाय माझी गाडी?" त्यांनी विचारलं.

"आजारी आहे, मावशी."

"तिला बी मशीन लावलंय का?"

"लावलंय. पण मशीनला काही सापडत नाही."

त्या हसल्या. "माझ्या पायाचं बी डाक्टरला काय सापडलं नाय."

"पायाला काय झालं?"

"डावं पाऊल गार पडायचं. गार म्हंजे ओलं, वल्ल्या फडक्यावर ठेवल्यावानी. दत्तूनं पायातल्या रगताच्या नळ्या तपासून घेतल्या, मलम आणलं. काय निघालं नाय. मंग मीच सांगायचं बंद केलं. पोरानं किती वढाताण करावी? मला वाटलं, आता पायापासून सुरू झालं. असंच वर वर जाईल."

किडनीच्या आजारात पाय बधिर होतात, हे मी ऐकून होते. धीर द्यायचा म्हणून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "पण या दोन खेपा बरं हाय. पुतण्याच्या गाडीत उलट्या झाल्या, पण पाय गार पडला नाय."

मी विचारलं, "मावशी, घरी पडायचा का गार?"

त्यांनी आठवून पाहिलं. "घरी नाय. गाडीतच."

"गाडीत चपला घालता?"

"नाय बाई. येवढ्या चांगल्या गाडीत चपला कोण घालतं? दारातच काढती मी. हातात घेऊन मागं डाव्या बाजूला बसती."

मी बाहेरच्या जिन्यात आले आणि रफिकभाईंना फोन लावला. "मागच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट बघा."

"हात लावला होता मॅडम. कोरडं आहे."

"पायानं दाबा. बूट काढून, वजन टाकून."

फोन तसाच चालू राहिला. दार उघडल्याचा आवाज आला, मग बूट खाली ठेवल्याचा. मग रफिकभाईंचा आवाज, एकदम जवळ: "मॅडम, पानी है. खाली लय पाणी आहे."

या गाड्यांच्या टपाला काचेची खिडकी असते. तिच्या कडेनं थोडं पाणी आत येणारच, म्हणून ते वाहून न्यायला चार कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, दाराच्या खांबांतून खाली उतरणाऱ्या. त्यातली मागची डावी नळी बुजली होती. पाणी बाहेर न जाता आतल्या आत उतरून कार्पेटखालच्या जाड फोममध्ये साठत होतं. वरून कार्पेट वाळायचं, खाली स्पंज भरलेला. आणि त्याच्याच पुढे, डाव्या पुढच्या सीटखाली, डिझेल पंपाला वीज सोडणारा तळहाताएवढा डबा बसवलेला. जोरात ब्रेक लागला की साठलेलं पाणी पुढे सरकायचं आणि त्या डब्याच्या पिनांना भिजवायचं. थोड्या वेळानं ओसरलं की गाडी चालू. आम्ही सगळे बूट घालून त्या गाडीत चढत होतो. अनवाणी बसणाऱ्या त्या एकट्याच.

संध्याकाळी दत्तूभाऊ आले. रफिकभाईंनी त्यांना डबा दाखवला, हिरवा गंज चढलेल्या पिना दाखवल्या. नळीतून निघालेला गाळ एका फडक्यावर काढून ठेवला होता. काळा चिखल आणि त्यात बारीक बारीक पानं.

"चिंच," दत्तूभाऊ म्हणाले. "दारातली चिंच. गाडी तापू नये, आईला बसताना चटका लागू नये, म्हणून सावलीत लावायचो." ते फडक्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "आन मी तिच्या पायाला मलम चोळत बसलो, मॅडम." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. हसतात की रडतात, मला कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

डबा मुंबईहून आला. त्याची किंमत सांगताना मी आवाज आपोआप खाली आणला. वायरी नव्या घातल्या. कार्पेट आणि फोम शेडच्या गच्चीवर वाळवले, सर आली की दोघं-तिघं धावत जाऊन गोळा करायचो. टपावर पाण्याच्या बादल्या ओतून पाहिल्या. चारही कोपऱ्यांतून पाणी खाली जमिनीवर आलं. मग मी आणि रफिकभाई पुन्हा त्याच रस्त्यानं, शिलापूरच्या पुढे, त्याच जागी. मागेपुढे कुणी नाही असं बघून त्यांनी ब्रेक मारला. पुन्हा मारला. इंजिन चालू राहिलं. माझे हात मात्र दार धरून बसले होते, ते सुटेनात.

गाडी न्यायला दत्तूभाऊ आले तेव्हा त्यांनी किल्लीला हात लावला नाही. "आता?" एवढंच म्हणाले.

मला "हो" म्हणायचं होतं. रफिकभाईंनी केव्हाच म्हटलं होतं. पण ती गाडी आठ वर्षांची. हा डबा नवा झाला, बाकीचे सगळे डबे जुनेच. हवेच्या पिशव्या आज ना उद्या जाणार. आणखी कुठे काय साठलंय, कुणी सांगावं? आमच्या धंद्यात खात्री या शब्दाला अर्थ नसतो, आणि समोरच्या माणसाला तर तोच हवा असतो.

"बसवा," मी म्हटलं. "पण घरी पोचलात की मला फोन करायचा. दर वेळी."

ते बरं म्हणाले, आणि त्यांनी ते पाळलं. डायलिसिसच्या दिवशी दुपारी फोन यायचा. "मॅडम, पोचलो." मी "बरं" म्हणायचे. संपलं. पण तो येईपर्यंत माझं जेवण व्हायचं नाही. डबा टेबलावर असायचा आणि फोन डब्याशेजारी. शेठ एकदा म्हणाले, "सगळ्या गाड्यांचं असं करायला लागलात, तर उपाशी मराल." रफिकभाई काही म्हणायचे नाहीत. पण दुपार झाली की ते लिफ्टखालून एकदा डोकं बाहेर काढून माझ्या टेबलाकडे बघायचे. मी होकाराची मान हलवली की परत आत.

असे बरेच आठवडे गेले. श्रावण संपला, गणपती झाले.

मग एके दिवशी फोन आला नाही. त्या दिवशी पाऊस जोरात होता. नेहमीची वेळ गेली. मी स्वतःला सांगितलं, दवाखान्यात उशीर झाला असेल. आणखी थोडा वेळ गेला. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मला तो हॉर्न ऐकू यायला लागला. कंटेनरचे नट दिसायला लागले. मीच म्हटलं होतं "बसवा." मीच. रफिकभाई लिफ्टखालून बाहेर आले होते आणि हात पुसत उभे होते. मी तिसऱ्यांदा फोन लावला.

कुणीतरी उचलला. दत्तूभाऊ नव्हते.

"हॅलो? कोन?"

"मावशी! मी वर्कशॉपमधून बोलतेय. पोचलात का?"

"कुठं?"

"घरी!"

"कवाच. मला तर गाडीत झोपच लागली. अंगणात आल्यावर दत्तूनं उठवलं. तो कांद्याच्या चाळीवर गेला माल भरायला, फोन इथंच इसरला." त्या जरा थांबल्या. "का वो ताई? काय झालं?"

"काही नाही. सहज केला."

रफिकभाई अजून उभेच होते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ते लिफ्टखाली परतले.

"सहज व्हय," आई म्हणाल्या. "मंग जेवल्या का तुम्ही?"

"नाही अजून."

"आता गं बाई. जेवून घ्या की. आमचं कवाच झालं."